व्हार्निश खरवडण्याआधी

नमस्कार श्रोतेहो.

घर आवरताना एखाद्या कापडी पिशवीत तीन-चार बारीक काठ्या सापडतात. आजोबांचा मासेमारीचा गळ. धूळ बसलेली, व्हार्निश पिवळं पडलेलं. अशा वेळी हात आपसूक पॉलिश पेपरकडे जातो. तो हात आज मला धरायचा आहे.

कारण हे नुकसान मी स्वतः करून बसलोय. मुठीच्या जरा वर, काठीवर शाईच्या फिकट रेघा होत्या. मला तो डाग वाटला. जुनं व्हार्निश खरवडलं, त्याबरोबर त्या रेघाही गेल्या. ती अक्षरं होती. बऱ्याच चांगल्या काठ्यांवर नाव, लांबी आणि कधी क्रमांकही असा शाईने लिहून वरून व्हार्निश दिलेला असायचा. ती काठी कोणाच्या हातची, हे मला आजही सांगता येत नाही.

म्हणून आधी नुसतं पाहा. उजेडात काठी तिरकी धरून मुठीच्या वरचा भाग भिंगातून वाचा. मग रीळ, म्हणजे दोरी गुंडाळायची चक्री, बसवायच्या जागेचा धातू, आणि अगदी खालची टोपी. नाव बहुधा इथेच कोरलेलं सापडतं.

आता अंगठा फिरवा. सहा कडा लागल्या, तर बांबूच्या सहा पट्ट्या एकमेकींना चिकटवून केलेली ती काठी. अंग गोल लागलं तर मात्र लोहचुंबक आणा. चिकटला तर पोलाद. वजनदार, गडद, भरीव लाकूड असेल तर ते बहुतेक ग्रीनहार्ट. पोकळ आणि हलकी असेल तर फायबरग्लास, म्हणजे 1940 च्या दशकाच्या अखेरीनंतरची. कार्बनच्या काठ्या तर 1970 च्या दशकात आल्या.

बांबूची गोष्ट मोठी सुरेख आहे. पेनसिल्व्हेनियातल्या ईस्टन गावचे सॅम्युअल फिलिप हे बंदुका घडवणारे कारागीर. त्यांनी 1840 च्या दशकात बांबू चिरून, पट्ट्या जोडून काठ्या केल्या. पुढे मेन राज्यातल्या बँगोरमध्ये हायरम लिओनार्ड यांनी सहा पट्ट्यांच्या काठीला कारखान्याची शिस्त लावली. त्यांच्याकडे काम केलेल्या पेन, थॉमस, एडवर्ड्स यांनी पुढे आपापली नावं कमावली. सुरुवातीचा बांबू आपल्याकडचा, ‘कलकत्ता केन’; त्यावर भाजल्याचे काळे डाग असतात. नंतर चीनच्या ग्वांगडोंगमधला टोंकिन बांबू आला, जास्त सरळ आणि कणखर. 1950 मध्ये अमेरिकेने चीनशी व्यापार थांबवला, तेव्हा तो बांबूही बंद झाला आणि तिथे फायबरग्लासचं फावलं.

इंग्लंडमधल्या अॅनिकची हार्डी कंपनी 1872 ची. तिच्या बांबूच्या काठ्यांवर ‘पालाकोना’ हे नाव दिसतं, आणि क्रमांक असेल तर त्यावरून काळही लावता येतो. उलट मॉन्टेग्यू, हॉरॉक्स-इबॉटसन अशा कारखान्यांनी ढिगाने काठ्या काढल्या, कितीतरी वेगवेगळ्या नावांनी. त्या जुन्या आहेत, पण दुर्मीळ नाहीत. दुसऱ्या महायुद्धानंतर जपानमधून लाकडी पेटीत सजवून आलेले संच दिसायला देखणे असतात, किंमत मात्र फार थोडी येते.

नाव कितीही मोठं असू दे, किंमत ठरवते ती मोजपट्टी. काठी तुकड्यांची असते; सगळ्यात वरचा बारीक तुकडा म्हणजे शेंडा. बांबूच्या चांगल्या काठीसोबत बहुधा दोन शेंडे मिळायचे, कारण मोडतो तो शेंडाच. दोन्ही शेजारी ठेवा. एक तीन इंच आखूड भरला, तर तो कधीतरी तुटला आहे आणि टोकाची कडी पुन्हा बसवली आहे. काठीवर साडेआठ फूट लिहिलं असेल आणि जोडल्यावर आठ फूट तीन इंच भरत असेल, तर भाव लगेच उतरतो. एकच शेंडा असेल तरीही उतरतो. आणखी एक गोष्ट: नऊ फुटी काठ्या पुष्कळ आहेत, सात-आठ फुटींना जास्त मागणी असते.

मग काठी डोळ्यासमोर धरून बंदुकीसारखा नेम धरा, म्हणजे बाक दिसेल. हलका बाक चालतो. पण हळूच वाकवल्यावर ‘टक्’ असा आवाज आला, तर कुठेतरी पट्ट्या सुटल्या आहेत. तुकडे जोडणाऱ्या धातूच्या नळ्या घट्ट अडकल्या असतील तर पिळू नका. बांबू तडकतो, नळी मात्र शाबूत राहते. रेशमी दोऱ्याचे वेढे विरले असले तरी तसेच राहू द्या. ते मूळचे असणं हीच त्यांची किंमत. मूळची पिशवी आणि धातूचं नळकांडंही फेकू नका.

भाव पाहायचा तर लिलावात खरोखर विकल्या गेलेल्या काठ्यांचा पाहा. विकणारा मागतो तो आकडा धरून चालू नका. तुलना करताना तीच लांबी, तेवढेच शेंडे, तशीच अवस्था हवी.

तोवर काठी कोरडी करून पिशवीत घाला आणि पिशवी खुंटीला सरळ टांगा. भिंतीला टेकवून ठेवली, तर पावसाळाभरात नवा बाक येईल.