ट्रूनॅसमध्ये पूलचं नाव कसं बदलायचं? डेटा जागेवरच राहते, पाहा

नमस्कार मंडळी, आज थेट कामाचं बोलू. तालुक्याच्या गावात लग्नाचं शूटिंग करणाऱ्या बऱ्याच पोरांनी जुन्या पीसीत दोन-चार हार्डडिस्क टाकून ट्रूनॅस, म्हणजे पीसीला स्टोरेज सर्व्हर करणारं सॉफ्टवेअर, बसवलं, आणि बसवताना घाईत पूलचं, म्हणजे सगळ्या डिस्क मिळून झालेल्या साठ्याचं, नाव देऊन टाकलं टेस्ट. आता त्याच टेस्टमध्ये पूर्ण तालुक्याच्या लग्नांचं फुटेज पडून आहे आणि नाव बदलायला हात धजत नाही. भाऊ, नाव बदलता येते. डेटा कॉपी करायची गरज नाही, फॉरमॅट तर अजिबात नाही. सातबाऱ्यावर फेरफार झाला म्हणून वावर काही जागचं हलत नाही, तसंच आहे हे.

फक्त वेब पॅनलमध्ये रिनेमचं बटन शोधत बसू नका, ते नाहीच. ट्रूनॅसच्या खाली झेडएफएस, म्हणजे डिस्कवर डेटा ठेवणारी फाइल सिस्टम, चालते आणि झेडएफएसमध्ये पूल रिनेम करायची वेगळी कमांडच नाही. डेटासेटसाठी, म्हणजे पूलमधल्या कप्प्यासाठी, आहे, पूलसाठी नाही. पूल एक्सपोर्ट करायचा, म्हणजे सिस्टमपासून सोडवायचा, आणि परत इम्पोर्ट करताना, म्हणजे जोडताना, नवं नाव द्यायचं, हाच रस्ता.

आता माझं ऐका, कमांडला मिनिटभर लागते, खरं काम त्याच्या आधीचं आहे. कारण जुनं नाव कुठं कुठं लिहिलेलं राहते ते पाहा: शेअरचा पाथ, स्नॅपशॉटचे टास्क (डेटाची त्या वेळची स्थिती टिपून ठेवणारे), रेप्लिकेशन (दुसऱ्या मशीनवर बॅकअप पाठवणं), क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारी कामं), ॲप्स, व्हर्च्युअल मशीन. सगळ्यात एमएनटी स्लॅश टेस्ट असंच बसलेलं आहे. म्हणून आधी प्रत्येक पेज उघडा आणि स्क्रीनशॉट घ्या, कॉन्फिग फाइल डाउनलोड करा, आणि पूल एनक्रिप्टेड, म्हणजे कुलूपबंद, असेल तर त्याची की, म्हणजे चावीची फाइल, आधी उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा, की गेली तर त्या डेटाचं कुलूप कोणाच्या बापाच्यानं उघडत नाही. ॲप्स आणि व्हर्च्युअल मशीन बंद करा, सिस्टम डेटासेट (ट्रूनॅसचा स्वतःचा डेटा) या पूलवर असेल तर ॲडव्हान्स सेटिंगमधून बूट-पूलवर, म्हणजे ट्रूनॅस जिथं बसवलं त्या डिस्कवर, न्या. आणि हे काम आषाढी झाल्यावर करा ना, लग्नं थांबलेली राहतात, एडिटिंगवाल्याचीही घाई नसते.

(स्क्रीन रेकॉर्डिंग सुरू)

हे पाहा, स्टोरेजमध्ये गेलो, एक्सपोर्ट डिस्कनेक्ट दाबलं. आता जो बॉक्स आला ना, इथं थांबा. डिस्ट्रॉय डेटावर टिक करायची नाही. नाही म्हणजे नाही! वाचल्याशिवाय पुढं जाऊ नका, इथं घाई केली तर लोकांच्या लग्नाच्या आठवणी जातील, त्या परत शूट होत नाहीत. त्याच्याखाली सेव्ह केलेली कॉन्फिगरेशन डिलीट करायची का म्हणून विचारते, तीही टिक काढा. कन्फर्म करा.

मंग शेल, म्हणजे कमांड टाइप करायची खिडकी, उघडा. नुसतं सुडो झेडपूल इम्पोर्ट टाइप केलं की कोणता पूल सापडला ते नाव आणि आयडीसकट दिसते, टेस्ट दिसला का? हाव, दिसला. आता सुडो झेडपूल इम्पोर्ट, डॅश कॅपिटल एन, स्पेस, जुनं नाव, स्पेस, नवं नाव. डॅश एन काऊन, तर पूल येते पण काही माउंट होत नाही, म्हणजे फोल्डर उघडत नाहीत, आपल्याला इथं फक्त नाव बदलायचं आहे. लगेच सुडो झेडपूल एक्सपोर्ट आणि नवं नाव, शेल बंद. शेवटचं इम्पोर्ट वेब पॅनलमधूनच करा, नाहीतर ट्रूनॅसच्या स्वतःच्या नोंदीत तो पूल येतच नाही.

नाव इंग्रजी अक्षरांतच चालते, सुरुवात अक्षरानं, आणि मिरर, रेडझेड, स्पेअर, लॉग ही नावं झेडएफएसनं स्वतःसाठी ठेवलेली आहेत. स्पेसही टाळा, पुढं प्रत्येक कमांडमध्ये त्रास होते.

आता शेअर. एसएमबीच्या, म्हणजे विंडोज पीसीला नेटवर्कवर फोल्डर देणाऱ्या, शेअरमध्ये फक्त पाथ नवा निवडा, शेअरचं नाव हात न लावता तसंच ठेवा. विंडोज पीसी शेअरच्या नावानं जोडलेला राहते, पूलचं नाव त्याला दिसतच नाही, त्यामुळं एडिटिंगच्या पीसीवर झेड ड्राइव्ह होता तसाच उघडते आणि प्रोजेक्टमधल्या क्लिप ऑफलाइन होत नाहीत. लिनक्सवाल्यांनी एनएफएस, म्हणजे फोल्डर शेअर करायची दुसरी पद्धत, लावलं असेल तर मात्र तिकडं पाथ बदलावाच लागते.

स्नॅपशॉट टास्कमध्ये नवा डेटासेट निवडा आणि रेप्लिकेशनमध्ये सोर्स बदला. बॅकअपवाल्या मशीनवरचं नाव बदलायची गरज नाही, जुने स्नॅपशॉट पूलसोबत जसेच्या तसे आलेले राहतात, त्यामुळं पुढचा फरकच जाते, दोन टीबी परत पाठवत बसावं लागत नाही. एकदा हातानं रन करा आणि हिरवं फिनिश्ड दिसेपर्यंत तिथंच बसा.