जात्याच्या खुंट्यापाशी

[दृश्य : जुने नाशिक, पिंजार घाट. गुरुवारची संध्याकाळ. गुलाबाच्या टोपल्या, लोबानाचा धूर.]

ही बडी दर्गा. सूफी संत हजरत सादिक शाह हुसैनी इथे विसावलेत. ते मदिनेहून आले, असं परंपरा सांगते. मोगलांच्या काळात नाशिकला गुलशनाबाद म्हणत. आजही जुम्मेरातीला इथे चादर चढते, नवस बोलले जातात.

सूफी म्हटलं की आपल्याला आधी कव्वाली आठवते. चिश्ती परंपरेत तिला मोठा मान आहेच. पण या मार्गाचा गाभा आहे जिक्र, अल्लाचं नामस्मरण. नक्शबंदी परंपरेतले साधक ते बहुतेक मनातल्या मनात करतात, ओठही हलत नाहीत. मुर्शिद म्हणजे गुरू वाट दाखवतो, मुरीद म्हणजे शिष्य चालतो, आणि लढाई असते ती स्वतःच्या नफ्सशी, आतल्या हावरेपणाशी. आठव्या शतकात बसऱ्याची राबिया सांगून गेली, की भक्ती नरकाच्या भीतीने नको, स्वर्गाच्या आशेनेही नको. पौष वद्य एकादशीला त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांच्या दर्शनाला पायी जाणाऱ्या माणसाला हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

[दृश्य : दगडी जातं. खुंट्यावर दोन हात.]

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते मात्र या जात्यावरचं. विजापूरच्या चिश्ती सूफींच्या परंपरेत, सोळाव्या-सतराव्या शतकांत, दखनी बोलीत चक्कीनामे रचले गेले. बायकांनी दळताना म्हणायची ही गाणी. त्यांत जात्याचा खुंटा म्हणजे अलिफ, अल्लाच्या नावाचं पहिलं अक्षर, सरळ उभं. मधली खीळ म्हणजे पैगंबर. ती पक्की बसली असेल तरच वरची तळी नीट फिरते. मूठभर दाणे आत, हात गोल, आणि प्रत्येक फेऱ्याला श्वासाबरोबर नाव. मदरशाची पायरी कधी न चढलेल्या बाईपर्यंत तसव्वुफ, म्हणजे हा सूफी मार्ग, पोचला तो असा, पहाटेच्या अंधारात, भाकरीच्या पिठाबरोबर. आपल्या आज्या दळायला बसल्या की पहिली ओवी देवाला वाहायच्या. तीही अशीच श्वासावर चालायची.

आणि मराठीतही हा मार्ग लिहिला गेला. श्रीगोंद्याचे शेख महंमद सूफी घराण्यातले. ‘योगसंग्राम’ त्यांनी ओव्यांत रचला, वारकऱ्यांनी त्यांना संत मानलं. त्यांचे गुरू चांद बोधले, दौलताबादचे. एकनाथांचे गुरू जनार्दनस्वामी, तेही चांद बोधल्यांचेच शिष्य, असं परंपरा मानते. म्हणजे पैठणच्या नाथांची आणि श्रीगोंद्याच्या शेख महंमदांची गुरुपरंपरा देवगिरीच्या पायथ्याशी एकाच माणसापाशी येऊन मिळते.