धरासूला उतरलेलं आठ हजार लिटर

(काळा पडदा. नदीचा आवाज. त्यात हळूहळू मिसळणारी पंख्याची घरघर.)

मंदाकिनी भरून वाहत असली की शेजारच्या माणसाशीही ओरडून बोलावं लागतं. त्या गर्जनेतून कुठूनतरी घरघर येते. दरी इतकी अरुंद की आवाज नेमका कुठल्या बाजूनं येतोय ते समजत नाही. माणसं चारही दिशांना माना वळवून बघतात. मग ढगांच्या एका फटीतून हेलिकॉप्टर दिसतं, आणि ज्यांच्या अंगात उभं राहण्याचं त्राण नसतं तेही उठून हात हलवू लागतात.

जून 2013. उत्तराखंडातली केदारघाटी.

(दृश्य: केदारनाथचं मंदिर. मागे अडकलेली प्रचंड शिळा. सभोवार दगड आणि गाळ.)

मंदिराच्या मागे, वरच्या अंगाला चोराबारी ताल होता. त्याला गांधी सरोवरही म्हणत. तिथल्या पर्जन्यमापकात चोवीस तासांत 325 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. 16 जूनच्या संध्याकाळी पहिला लोंढा आला. 17 तारखेच्या सकाळी तळ्याचा नैसर्गिक बांध फुटला. मंदिर राहिलं, मंदिराभोवतीची वस्ती गेली. गौरीकुंड ते केदारनाथ ही 14 किलोमीटरची चढण. तिच्या मधोमध रामबाडा नावाचा पडाव होता. तो होता तिथे नुसती नदी उरली.

यात्रेचा ऐन हंगाम होता. महाराष्ट्रातून गेलेली माणसंही त्या वाटांवर होती. वाट तुटल्यावर वाचलेले लोक डोंगर चढून जंगलात शिरले, कारण खाली पाणी होतं. यात्रेकरूंबरोबर घोडेवाले होते, डोलीवाले होते, पुजारी होते, चहाच्या टपऱ्या चालवणारी पोरं होती. खालून येणारा रस्ता जागोजागी नदीत गेलेला. त्यांच्यापर्यंत पोचायला आता एकच वाट होती, वरची.

हवाई दलानं या मोहिमेला नाव दिलं ऑपरेशन राहत.

(दृश्य: चीता हेलिकॉप्टर, उतारावरच्या चिमुकल्या सपाटीवर.)

बचावाचं चित्र आपल्या डोळ्यांपुढे एकच असतं: दोर, दोराला लटकलेला जवान, त्याच्या मिठीत एखादं मूल. तेही घडलं. पण त्या दोन आठवड्यांत खरी झुंज चालली ती वजनाशी. हेलिकॉप्टरमध्ये किती माणसं मावतील हे आतल्या जागेवरून ठरत नाही, बाहेरच्या हवेवरून ठरतं. केदारनाथ साडेतीन हजार मीटरवर आहे. तिथली हवा समुद्रकाठच्या हवेपेक्षा जवळजवळ 30 टक्के विरळ. पात्यांना कापायला हवाच कमी, म्हणून उचलण्याची ताकदही कमी. मैदानात जे यंत्र सहज पेलतं, ते इथे पेलत नाही. त्यात दुपार झाली की दरीतून वारं चढू लागतं आणि ढग खाली उतरतात. कामाचे तास सकाळचे.

सगळ्यात आधी पुढे गेलं ते चीता. पाच जणांचं, जुन्या घडणीचं, काचेचं डोकं असलेलं यंत्र. त्याचं मूळ फ्रान्सच्या लामा हेलिकॉप्टरात. त्याच लामानं 21 जून 1972 रोजी 12,442 मीटर उंची गाठून विक्रम केला होता. आपल्याकडे चीता सियाचीनच्या चौक्यांना रसद पोचवत आलं आहे, म्हणून विरळ हवेची त्याला सवय. एका फेरीत ते मोजकीच माणसं आणू शकतं. पण जिथे मोठं यंत्र टेकूच शकत नाही, तिथे उतरण्याजोगी जागा हेरायचं काम त्याचं. गौरीकुंड-केदारनाथ वाटेवरच्या जंगलचट्टीच्या वरच्या झाडीत अडकलेल्या लोकांपर्यंत लष्कराचे पॅराट्रूपर पोचले. त्यांनी तिथे हेलिपॅड तयार केला, आणि मग माणसं खाली येऊ लागली. हा हेलिपॅड म्हणजे हातांनी दगड हलवून आणि झुडपं तोडून केलेली सपाटी. अशा सपाटीवर यंत्र उतरताना पात्यांच्या वाऱ्यानं एखादी ताडपत्री उडून वर गेली तरी घात होतो. म्हणून खाली उभं राहून लोकांना दाबून बसवणारा, एकेकाला वाकवून दारापर्यंत नेणारा जवानही त्या उड्डाणाचाच भाग असतो. बातम्यांत त्याचा चेहरा फारसा दिसला नाही.

(दृश्य: एमआय-17 चं उघडं मागचं दार. वृद्ध स्त्रिया, कडेवर मुलं.)

एमआय-17 या मोठ्या हेलिकॉप्टरचं व्ही-5 हे नवं रूप तेव्हा आपल्याकडे नुकतंच येऊ लागलं होतं. एरवी छत्तीस सैनिक नेणारं हे यंत्र. आता वैमानिकापुढे प्रत्येक फेरीला एकच हिशोब: टाकीत इंधन किती ठेवायचं? पूर्ण भरून निघावं, तर त्या वजनापायी वरून माणसं कमी आणावी लागतात. कमी भरावं, तर ढग आडवे आले की परत फिरायला, दुसरी दरी धरायला काही उरत नाही. इंधनाचा साठा जितका जवळ, तितकी टाकी हलकी, आणि तितकी माणसं जास्त. तेव्हा आणखी हेलिकॉप्टरं मागवणं हे अर्धंच काम होतं. उरलेलं अर्धं काम म्हणजे डोंगरात इंधन नेणं, आणि टँकर जाईल असा रस्ताच शिल्लक नव्हता.

मला या सगळ्या मोहिमेतलं सर्वांत सुंदर काम वाटतं ते इथलं. लोक त्याबद्दल कमी बोलतात, म्हणून जरा थांबून सांगते.

(दृश्य: डोंगरांमधली आखूड धावपट्टी. करड्या रंगाचं अवजड विमान टेकतं.)

गंगोत्रीच्या बाजूला, भागीरथीच्या खोऱ्यात, धरासू नावाचं ठिकाण आहे. तिथे एक धावपट्टी, जेमतेम सव्वा किलोमीटरच्या आसपास. चहूकडे डोंगर. त्या पट्टीवर हवाई दलाचं सी-130जे उतरलं. हे चार इंजिनांचं मालवाहू विमान, सैन्य आणि दारूगोळा आखूड पट्टीवर पोचवण्यासाठी घेतलेलं. त्या दिवशी त्याच्या पोटात होता एक रिकामा टँकर. टँकर खाली उतरवला, नळी जोडली आणि विमानानं आपल्याच टाकीतलं आठ हजार लिटर इंधन त्यात ओतलं.

आठ हजार लिटर म्हणजे किती? एमआय-17 तासाला साधारण साडेसहाशे ते आठशे लिटर पितं. म्हणजे एका हेलिकॉप्टरची दहा-बारा तासांची उड्डाणं. गंगोत्रीच्या वाटेवर हर्षिलला अडकलेल्या यात्रेकरूंना आणायला निघालेल्या यंत्रांना आता मैदानापर्यंत परत जायची गरज उरली नाही. एका विमानानं आपल्या टाकीतलं इंधन दिलं आणि दरीत नवा तळ उभा राहिला.

केदार-बद्रीच्या बाजूला हेच काम गौचरला झालं. तिथे आलं एमआय-26 हे अजस्र हेलिकॉप्टर. आठ पाती, पंख्याचा व्यास 32 मीटर, उचलण्याची क्षमता 20 टन. असं यंत्र माणसं आणायला वरच्या सपाट्यांवर उतरूच शकत नाही. त्यानं इंधन आणि अवजड सामान पुढे आणलं आणि लहान यंत्रांना मोकळं केलं.

17 ते 30 जून या काळात हवाई दलानं 2,140 फेऱ्या केल्या. 19,600 माणसं बाहेर काढली. 3,82,400 किलो मदतसामग्री पोचवली. याशिवाय लष्कर, भारत-तिबेट सीमा पोलीस, एनडीआरएफ म्हणजे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल, आणि खासगी कंपन्यांचे वैमानिक होते. कित्येकांना जवानांनी दोरांच्या पुलावरून, पाठीवर घेऊनही नदीपार केलं.

(आवाज थांबतो. ढगांनी भरलेली दरी.)

25 जून. बराकपूरच्या तळावरून आलेलं एक एमआय-17 व्ही-5 केदारनाथला जाऊन परतत होतं. त्या दिवसांत हेलिकॉप्टरं वर लाकडंही नेत होती. माणसं आणायचा भर ओसरत आला होता आणि गाळात पडलेल्या मृतांना अग्नी देणं बाकी होतं. केदारनाथला जळणासाठी झाडं नाहीत. सरणाचं लाकूडसुद्धा हवेतून न्यावं लागलं. गौरीकुंडाच्या उत्तरेला ते हेलिकॉप्टर कोसळलं. आत वीस जण होते: हवाई दलाचे पाच, एनडीआरएफचे नऊ, सीमा पोलिसांचे सहा. कोणी वाचलं नाही.

दुसऱ्या दिवशी हवाई दलप्रमुख एन. ए. के. ब्राऊन गौचरला आले. हेलिकॉप्टरचे पंखे थांबणार नाहीत, असं त्यांनी सांगितलं. ते थांबले नाहीत. आदल्या दिवशी सहकारी गमावलेली माणसं त्याच दरीत, त्याच ढगांत पुन्हा शिरली. त्यांनी तेव्हा मनाची समजूत कशी घातली असेल, याचा विचार माझ्या मनातून आजही जात नाही.

(दृश्य: उतारावरचं गाव. पायऱ्यापायऱ्यांची शेतं. डोली खांद्यावर घेतलेली चार माणसं.)

यात्रेकरू घरी पोचले. केदारघाटीतली गावं तिथेच राहिली. यात्रेवर पोट असलेल्या कित्येक घरांतले कर्ते पुरुष त्या रात्री वर होते, ते परतलेच नाहीत. देवळी-भणिग्रामसारख्या गावांत तर घरामागून घर असं झालं. पूल गेले, रस्ते गेले, आणि हेलिकॉप्टरंही गेली. हवाई दलाला दोष देण्याचं कारण नाही. ही यंत्रं सीमेसाठी आहेत, आणि संकट आलं की ती धावून येतात. प्रश्न एरवीच्या दिवसांचा. अडलेली बाळंतीण किंवा छातीत कळ आलेला म्हातारा, यांना डोलीत घालून तासन् तास चालत रस्त्यापर्यंत आणायचं आणि पुढे जीपनं ऋषिकेश किंवा गढवालातलं श्रीनगर गाठायचं, ही पहाडातली जुनीच रीत.

29 ऑक्टोबर 2024 रोजी ऋषिकेशच्या एम्समधून रुग्णांसाठी हेलिकॉप्टर सुरू झालं. नाव संजीवनी. रुग्णालयाच्या आवारातच हेलिपॅड, आत डॉक्टर.

17 मे 2025 रोजी ते केदारनाथहून एका रुग्णाला आणायला निघालं. वर पोचून टेकताना शेपूट तुटलं. आतले तिघेही सुखरूप बाहेर आले. ज्याला आणायला ते गेलं होतं, तो रुग्ण वरच होता.

(दृश्य: ढगांनी झाकलेलं शिखर. नदीचा आवाज.)