श्रावणातलं वॉर्निश आणि तान्ह्या पोळ्याचा नंदी

मंडळी, तान्ह्या पोळ्याच्या, म्हणजे पोरांच्या पोळ्याच्या, आदल्या रात्री लाकडी नंदीला वॉर्निशचा एकच जाड हात मारायचा आणि सकाळी पोट्ट्याच्या हाती द्यायचा, ही सवय आधी सोडू. अशा नंदीवर साय धरते, आत ओलंच राहतं. वशिंड धरून उचललं की बोटांचे ठसे उमटतात. तेलाचं वॉर्निश नुसतं उडून वाळत नाही, ते हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं. जाड थरात तो खालपर्यंत पोचत नाही. म्हणून तीन पातळ हात. उन्हाळ्यात दोन हातांमध्ये २४ तास पुरतात, श्रावणाच्या दमट हवेत ३६ ते ४८ तास द्या. हिशेब करा: पोळ्याच्या अमावास्येच्या बारा दिवस आधी रंग पुरता वाळलेला हवा.

गुळगुळीतपणा लाकडातूनच यायला हवा. पॉलिश पेपर १२०, मग १८०, मग २४०, नेहमी लाकडाच्या रेषेच्या दिशेनं. मग ओलसर फडक्यानं पुसा. दबलेले तंतू उभे राहतील. वाळले की ३२० नंबरनं अलगद उतरवा. हे टाळलं तर रंगाच्या पाण्यानं तेच तंतू उठतात आणि सगळी अंगं खरखरीत होतात. सागवान असेल तर रंगाआधी थिनरच्या फडक्यानं पुसा. त्याच्या अंगच्या तेलामुळे वॉर्निश दिवसेंदिवस चिकट राहतं.

आता रंग कोणता, यावर वॉर्निश ठरतं. सगळ्यात जास्त नंदी इथंच बिघडतात. पोस्टर कलरवर पाण्याचं वॉर्निश फिरवलं की कपाळावरचा लाल टिळा पांढऱ्या तोंडावर ओघळतो, कारण त्या रंगातला डिंक पाण्यानं सुटतो. त्यावर आधी स्पिरिटमधल्या चपड्याचा (लाखेच्या पापडीचा) एक हात द्या: १०० मिली स्पिरिटला १२ ग्रॅम चपडा, रात्रभर भिजवून गाळलेला. ॲक्रिलिक रंगावर मात्र चपडा नको, स्पिरिट तो रंग मऊ करतं. तिथं पाण्याचंच वॉर्निश चांगलं. ऑइल पेंटवर एनसी (नायट्रोसेल्युलोज) लॅकर मारलं तर त्यातल्या थिनरनं खालचा रंग फुगतो, सुरकुततो. तिथं तेलाचं वॉर्निश घ्या. ते पांढऱ्या रंगाला पिवळसर छटा देतं, एवढं लक्षात असू द्या.

चपडा पावसात पांढरा पडतो. स्पिरिट झपाट्यानं उडतं, लाकडाचा पृष्ठभाग थंड होतो आणि हवेतली वाफ त्यावर बसते. उघडीप पडलेल्या दुपारीच हात द्या. पांढरा पडलाच, तर स्पिरिटचा जेमतेम ओला बोळा वरून एकदा फिरवा, धुकं विरतं. घासत बसू नका, खालचा चपडाच निघून येईल.

तेलाच्या वॉर्निशच्या पहिल्या हातात दहा टक्के टर्पेंटाइन मिसळा, पुढच्या दोन हातांत पाच टक्के. डबा हलवून ढवळू नका, काडीनं सावकाश फिरवा, नाहीतर बुडबुडे शिरतात. नंदी उन्हातून उचलून लगेच वॉर्निश लावलं तरी बुडबुडे येतात. तापलेल्या लाकडाच्या छिद्रांतली हवा बाहेर पडत असते. सावलीत थंड होऊ द्या. नंदी ज्या चाकांच्या पाटावर उभा असतो, त्याच्या तळाला एक स्क्रू बसवा आणि त्याला धरून काम करा, अंगाला हात लागत नाही. लावून झाल्यावर दोन मिनिटांनी पुन्हा बघा: कानाची टोकं, पोटाचा खालचा भाग, पाय पाटाला टेकतात ती खाच. थेंब तिथंच गोळा होतो. कोरड्या ब्रशच्या टोकानं तो टिपून घ्या. चाकाच्या आसाला वॉर्निश नको, चाक जाम होतं.

पहिल्या हातानंतर घासायचं नाही. थर इतका पातळ असतो की शिंगांच्या कडांवरचा रंगच उतरतो. दुसरा हात वाळला की ४०० नंबर पाण्यात भिजवून हलकेच फिरवा, धूळ पुसा आणि मग तिसरा.

तेलाचे बोळे चुरगळून कोपऱ्यात टाकू नका, ते आपोआप पेटू शकतात. पसरून वाळवा. पोरं बोजारा (घरोघरी मिळणारी खुशाली) मागायला निघण्याआधी पाटाच्या तळाला नख दाबून पहा. खूण उमटली किंवा वास येत असला, तर नंदी अजून दोन दिवस छपरीतच राहू द्या.