सोलर चार्जरचा दिवा नेमके काय सांगतो?

टेबलावरच्या या छोट्या सोलर पॅनेलकडे जवळून पाहिले, तर पारदर्शक थराखाली सिलिकॉनच्या बारा अरुंद पट्ट्या एकीला एक जोडलेल्या दिसतात. प्रत्येक पट्टी उन्हात जेमतेम अर्धा व्होल्ट देते आणि त्यांची बेरीज होऊन पॅनेलच्या टोकांवर सुमारे 6 व्होल्ट मिळतात. कडक ऊन असेल तर यातून साधारण 100 मिलिअँपिअर प्रवाह वाहू शकतो. एवढ्या प्रवाहावर निकेल मेटल हायड्राइड प्रकारचे दोन पेन्सिल सेल सावकाश, पण सुरक्षितपणे चार्ज करता येतात.

पॅनेल आणि सेल यांच्यामध्ये सर्वांत आधी डायोड, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणारा भाग, हवा. ऊन मावळल्यावर पॅनेलचा दाब (व्होल्टेज) सेलच्या दाबापेक्षा कमी होतो आणि डायोड नसेल, तर दिवसभर साठवलेली वीज रात्री उलट पॅनेलमध्ये झिरपू लागते. साध्या सिलिकॉन डायोडवर सुमारे 0.7 व्होल्ट खर्च होतात, तर शॉट्की डायोडवर साधारण 0.3, म्हणून येथे शॉट्की डायोड घेतला आहे. त्याच्या अंगावरची पांढरी पट्टी सेलच्या धन टोकाकडे असली पाहिजे.

आता दिव्याकडे येऊ, कारण या चार्जरमध्ये सर्वांत जास्त विचार दिव्याचाच करावा लागतो. अनेक जण एलईडी आणि प्रवाहाला अडथळा करणारा एक रेझिस्टर थेट पॅनेलच्या दोन टोकांना जोडतात. तो दिवा लागतो, छान दिसतो, पण ऊन पडले आहे यापलीकडे काहीही सांगत नाही, आणि ऊन पडलेले तर आपल्याला दिसतच असते. सेल नीट बसला नसेल, तार तुटली असेल किंवा होल्डरच्या स्प्रिंगवर गंज चढला असेल, तरीही तो तसाच लागलेला राहतो. ज्याच्या भरवशावर आपण चार्जर दिवसभर उन्हात ठेवून जाणार, त्या दिव्याने सेलमध्ये प्रवाह खरोखर जातो आहे की नाही, हे सांगायला हवे.

त्यासाठी पॅनेलचे धन टोक आणि डायोड यांच्यामध्ये 10 ओहमचा रेझिस्टर बसवला आहे. सेलकडे जाणारा सगळा प्रवाह त्यातूनच जातो आणि तो 60 मिलिअँपिअरच्या आसपास पोहोचला, की रेझिस्टरच्या दोन टोकांमध्ये 0.6 व्होल्टचा फरक पडतो. येथे स्विचसारखा वापरलेला पीएनपी प्रकारचा ट्रान्झिस्टर सुरू व्हायला एवढा फरक पुरतो, आणि तो सुरू झाला की दिवा लागतो. ट्रान्झिस्टरच्या तीन पायांपैकी एमिटर 10 ओहमच्या रेझिस्टरच्या पॅनेलकडच्या टोकाला, बेस 1 किलोओहमच्या रेझिस्टरमधून त्याच्या दुसऱ्या टोकाला आणि कलेक्टर लाल एलईडी व 470 ओहमच्या रेझिस्टरमधून ऋण तारेला जोडला आहे. या मांडणीत थोडा दाब वाया जातो हे खरे, परंतु चार्ज होताना दोन सेलना मिळून 3 व्होल्टपेक्षा कमीच दाब लागतो आणि पॅनेलकडे त्याहून बराच जास्त असतो, त्यामुळे हा खर्च परवडतो.

जोडणी पूर्ण झाल्यावर चार्जर उन्हात धरला की एलईडी लागतो. एक सेल होल्डरमधून उचलताच तो विझतो, आणि परत बसवताच पुन्हा लागतो. ही चाचणी पहिल्याच दिवशी करावी. पॅनेलच्या एका पट्टीवर बोट ठेवले, तरी दिवा मंदावतो किंवा विझतो, कारण पट्ट्या एकसरीत असल्यामुळे एकीवरची सावली सगळ्यांचा प्रवाह अडवते. चार्जर कोठे आणि कोणत्या कोनात ठेवावा, हेही मग दिव्याकडे पाहून ठरवता येते. सेल मात्र पॅनेलच्या मागे, सावलीत राहतील असे बसवावेत, कारण उष्णतेने त्यांचे आयुष्य घटते.

सेल पूर्ण भरला का, हे मात्र या दिव्यावरून कळत नाही. 2000 मिलिअँपिअर-तास क्षमतेच्या सेलना, वाया जाणारी वीज धरून, पूर्ण प्रवाहावर सुमारे 28 तास लागतात, म्हणजे स्वच्छ उन्हाचे पाच-सहा दिवस. इतक्या मंद चार्जिंगमध्ये एखादा दिवस जास्त झाला तरी या सेलना सहसा धोका नसतो. लिथियम सेल मात्र या परिपथाला कधीही जोडू नये. प्रचलित लिथियम-आयन सेलचा दाब 4.2 व्होल्टवर अचूक थांबवावा लागतो आणि तसे थांबवणारा कोणताही भाग येथे नाही.