काळजी सातला, झोप अकराला

नमस्कार श्रोतेहो. पाठ टेकली की दिवसभर दबा धरून बसलेली काळजी वर येते. घराचा हप्ता, मुलाची दहावी, आईचा रिपोर्ट. काळजीनं अ‍ॅड्रिनलिन, कॉर्टिसॉल ही ताणाची संप्रेरकं वाढतात, छाती धडधडते, शरीर पहाऱ्यावर उभं राहतं. पहाऱ्यावरच्याला झोप कशी लागणार?

माझे वडील लालबागला कापड गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर होते. तिसरी पाळी करून आले की चाळीच्या भरदुपारच्या कालव्यातही घोरायचे. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि हाच माणूस रात्र रात्र कूस बदलायला लागला. तासातासाला उठून घड्याळ बघायचे. वाण्याची उधारी, गावाकडचे पैसे, सगळं रात्री दोनला आठवायचं.

आई चौथी शिकलेली. तिनं एके दिवशी भिंतीवरचं घड्याळ उतरवून फडताळात गोधडीखाली ठेवलं. दिवेलागणीनंतर दुधाच्या हिशेबाची वही पुढे केली. "अहो, डोक्यात काय आहे ते आत्ता लिहा. रात्री नको." वडिलांनी लिहिलं: वाणी, ८५ रुपये. "मग उद्या काय करायचं?" त्यांनी पुढे लिहिलं: निम्मे शनिवारी, बोलून बघणे. वही देव्हाऱ्याखाली गेली. तरी झोप आली नाही तर ती त्यांना लोळू द्यायची नाही, गॅलरीतल्या बाकड्यावर बसवायची. डोळे जड झाले की आत. हल्ली फ्लॅटची बाल्कनी खोलीत घेतात, ते मला मुळीच पटत नाही. माणसाला रात्री बसायला उघडी हवा हवी. असो. गिरणी गेली ती गेलीच, पण महिन्याभरात वडिलांना झोप लागायला लागली.

निद्रानाशावरच्या उपचारात आज हेच शिकवतात. वीसेक मिनिटं झोप नाही आली तर उठा, मंद उजेडात बसा, पेंग आली की परत या. पुन्हा सांगते, लोळत राहू नका, उठा. घड्याळ आणि मोबाइल नजरेआड. रात्र कशीही जावो, सकाळी उठायची वेळ एकच. संध्याकाळचा उशिराचा चहा सोडा, कॅफिनचा निम्मा अंश पाचेक तास अंगात राहतो.

आठवड्यातल्या तीन-चार रात्री अशाच जात असतील, महिने उलटत असतील, तर डॉक्टरांकडे जा. मनावरचा भार असह्य झाला तर सरकारची टेलिमानस सेवा आहे, मोफत, चोवीस तास, मराठीतही बोलता येतं. नंबर लिहून घ्या, १४४१६. पुन्हा सांगते: एक, चार, चार, एक, सहा.