किती फूट, हे सगळेच सांगतात

(दृश्य : गंगावेस. अजून पुरतं उजाडलेलं नाही. पावसात उभी जनावरं, दुधाच्या किटल्या, चहाच्या गाड्यावर प्लॅस्टिकची पिशवी घातलेला रेडिओ.)

जुलै महिना. पावसानं चार दिवस उघडीप दिलेली नाही. अशा सकाळी कोल्हापुरात भेटल्या माणसाला कुणी 'कसं काय' विचारत नाही. विचारतात, "पाणी किती फुटावर हाय?" पाणी म्हणजे पंचगंगेचं, आणि फूट म्हणजे राजाराम बंधाऱ्यावरचे. 39 फुटांना इशारा पातळी, 43 ला धोका पातळी. हे दोन आकडे इथं शाळकरी पोरालाही पाठ असतात. दुसरा प्रश्न ठरलेलाच : "चढालंय का उतरालंय?"

(ध्वनी : आकाशवाणीची संकेतधून.)

ही धून सगळ्या देशाला माहीत आहे. व्हायोलिन आणि तंबोरा, सूर शिवरंजनीचे. ती रचल्याचं श्रेय दिलं जातं वॉल्टर कॉफमन यांना. युरोपातून परागंदा होऊन मुंबईत आलेला हा ज्यू संगीतकार तेव्हा आकाशवाणीत नोकरीला होता. धून संपली की वंदे मातरम्, मंगलध्वनी, आणि मग घोषणा. 102.7 मेगाहर्ट्झ, आकाशवाणीचं कोल्हापूर केंद्र. पहिली सभा, म्हणजे सकाळचं प्रसारण, सुरू झाली.

गाणी पुष्कळ लागतील. आपण त्यांच्याकडे आज कानाडोळा करणार आहोत. रेडिओवर दिवसभर जे बोललं जातं, चालू घडामोडींवर, नदीवर, उसावर, रस्त्यावर, ते कोण बोलतं आणि कोण ऐकतं, एवढंच बघायचं आहे.

(दृश्य : गुजरी, म्हणजे सराफांची पेठ. माडीवरची कारागिराची खोली.)

ऐकणारे पहिल्यांदा बघू. गुजरीतल्या या खोलीत कोल्हापुरी साजाचं, म्हणजे गळ्यातल्या दागिन्याचं, पान जोडायचं काम चाललंय. डाख द्यायचा, म्हणजे सांधा जोडायचा, तर ज्योत एका ठरावीक जागी धरायची. क्षणभर जास्त झाली की सोनं वितळून सगळा दागिना वाया. या माणसाचे डोळे आणि दोन्ही हात सकाळपासून रात्रीपर्यंत अडकलेले असतात. मोकळे फक्त कान. टीव्ही त्याच्या कामाचा नाही आणि मोबाईल हातात धरता येत नाही. उद्यमनगरात लेथवर उभा असलेला कामगार, सुभाषनगरात चपलेची वेणी घालणारी बाई, यांचंही तसंच. कोल्हापूर हाताचं काम करणाऱ्यांचं गाव आहे. बोलका रेडिओ इथं टिकून राहिला त्यात जुन्या आठवणींचा वाटा थोडा, आणि या अडकलेल्या हातांचा जास्त, असं आमचं मत.

जुन्या आठवणी आहेतच म्हणा. पन्नाशी ओलांडलेल्या कुणालाही विचारा, तो आधी सांगली केंद्राचं नाव घेईल. ते 1963 साली सुरू झालं आणि कोल्हापूर जिल्ह्याच्या दोनतीन पिढ्या त्याच्यावरच वाढल्या. कोल्हापूरला स्वतःचं केंद्र पुष्कळ उशिरा मिळालं.

सकाळी सात-दहाला पुण्याहून प्रादेशिक बातम्या. 2023 च्या जूनमध्ये पुण्याचा हा वृत्तविभाग बंद करायचा निर्णय झाला होता. ओरड झाली, आणि निर्णय थांबला. सात-दहाच्या बातम्यांसाठी एवढी माणसं बोलतील असं दिल्लीत कुणाला वाटलं नसावं. इथं मात्र त्या बातम्यांवर घड्याळ लावणारी घरं आहेत.

(दृश्य : बंधाऱ्याची मोजपट्टी. मग स्टुडिओचं दार, वर लाल दिवा.)

आता एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण आजच्या दिवसाचं सगळं त्याच्यावर उभं आहे. शहरात खासगी एफएम आहेत, लोकप्रिय आहेत. पण आपल्या देशात खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायला आणि चालू घडामोडींवर कार्यक्रम करायला परवानगी नाही. आकाशवाणीचं बातमीपत्र आहे तसं, काना-मात्रा न बदलता लावता येतं. हवामान, वाहतूक, परीक्षा, नैसर्गिक आपत्तीची माहिती सांगता येते. म्हणजे पाणी 41 फुटांवर गेलं, अमका रस्ता बंद झाला, हे कुठलाही आरजे सांगेल, आणि चांगलं सांगेल. पण पाणी का चढलं, कुणाच्या निर्णयानं चढलं, पुढच्या वर्षी चढू नये म्हणून काय करायचं, याची चर्चा हवेवर करायची मुभा एकट्या सार्वजनिक रेडिओला.

प्रसारणाच्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं 1995 साली सांगितलं. 1997 मध्ये प्रसार भारती आली, आकाशवाणी सरकारी खात्यातून निघून महामंडळाकडे गेली. पण बातमीचं कुंपण तसंच राहिलं. 'किती'ला सगळी दारं उघडी, 'का'ला एकच. त्या एका दारामागं आज काय चाललंय?

(दृश्य : स्टुडिओ. फेल्टचं टेबल, दोन माईक, काचेपलीकडे कन्सोल. सेकंदकाटा.)

आज चर्चा आहे अलमट्टीची, म्हणजे कर्नाटकातल्या कृष्णेवरच्या धरणाची.

पाहुणे दोन. एक पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले अभियंता, दुसरे शिरोळ तालुक्यातले शेतकरी. आत सोडण्याआधी निवेदिकेनं दोघांकडून किल्ल्या, मोबाईल आणि सुटी नाणी काढून घेतली. स्वतःच्या बांगड्या तिनं घरीच ठेवल्यात. अभियंत्यांनी आणलेल्या कागदांची टाचणीही काढली. टाचलेला कागद उलटताना जो आवाज होतो तो माईकला पत्र्यासारखा ऐकू येतो. एकेक सुटा कागद, वाचून झाला की बाजूला सरकवायचा, उचलायचा नाही.

निवेदिका नैमित्तिक आहे. म्हणजे कायम नोकरी नाही, महिन्याला मोजक्या ड्यूट्या. एरवी ती कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. आकाशवाणीचा आवाज म्हणून आपण जो ओळखतो, त्यातला बराचसा अशा लोकांचा आहे.

लाल दिवा लागला.

शेतकरी म्हणतात, "सायेब, कृष्णेला पुढं वाटच मिळत न्हाई. अलमट्टीत पाणी तुंबतंय, मग पंचगंगा कुठं जाणार? नरसोबाच्या वाडीला संगमावर येऊन थटती, आन् फुगती. आमच्या घरात येती."

अभियंते कागद सरकवतात. अलमट्टीत सध्या जास्तीत जास्त 519.60 मीटरपर्यंत पाणी साठवतात. ही पातळी 524.256 पर्यंत न्यायला कृष्णा पाणीतंटा लवादानं 2010 साली कर्नाटकाला मान्यता दिली आणि प्रकरण सर्वोच्च न्यायालयात आहे. पुढं ते शिरोळकरांना न रुचणारी गोष्ट सांगतात. 2019 च्या महापुरानंतर नंदकुमार वडनेरे यांच्या अध्यक्षतेखाली राज्यानं समिती नेमली होती. त्या समितीनं पुराचं खापर अलमट्टीवर फोडलं नाही. अतिवृष्टी, आणि नदीच्या पूररेषेत झालेली बांधकामं, यांच्यावर बोट ठेवलं.

"मग ती समिती आमच्याकडं पाण्यात उतरली हुती का?" शेतकरी विचारतात.

टीव्हीवर असतं तर इथून पुढं चार चौकटीत चार माणसं एकदम ओरडली असती. रेडिओवर ते जमतच नाही. दोन आवाज एकावर एक आले की ऐकणाऱ्याला दोन्ही कळत नाहीत, चेहरा बघून अंदाज लावायची सोय नाही. म्हणून इथं थांबावं लागतं. निवेदिका नुसती तळहात वर करते आणि अभियंता वाक्य अर्ध्यात सोडतात. शेतकऱ्यांचं बोलणं पुरं झाल्यावर ते म्हणतात, "तुमचा अनुभव मी नाकारत नाही. पण उंची वाढली तर पुढं काय होईल हा एक प्रश्न, आणि 2019 ला काय झालं हा दुसरा. दोन्ही एकाच माळेत ओवू नका." या एका वाक्यासाठी सकाळपासूनचं सगळं ऐकलं तरी चालेल. गावातल्या कट्ट्यावर, मोर्चात, विधानसभेत हे दोन प्रश्न कायम एकमेकांत मिसळलेले असतात. वेगळे करून कुणी सांगत नाही.

(दृश्य : टेलिफोन. दिवा लुकलुकतोय.)

फोन-इन सुरू झालं. निवेदिकेचं पहिलं वाक्य नेहमीचं : "तुमच्या रेडिओचा आवाज आधी बारीक करा." नाही केला तर रेडिओतला आवाज फोनमधून परत स्टुडिओत येतो आणि शिट्टी वाजत राहते. बोलणाऱ्याला मात्र आपलाच आवाज हवेवर ऐकायचा असतो. रेडिओ बारीक करायला त्याचा जीव होत नाही.

प्रयाग चिखलीहून एक मावशी. तिथं कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती एक होतात आणि पंचगंगा सुरू होते. पूर आला की गाव सोडावं लागणाऱ्यांत चिखली आणि आंबेवाडी पहिली. मावशींना अलमट्टीशी देणंघेणं नाही. "आमास्नी जनावरं हलवा म्हंत्यात. हलवतो की. पर छावणीत वैरण कवा येनार त्ये सांगा." अभियंता गप्प, शेतकरी गप्प. निवेदिका प्रश्न लिहून घेते, संबंधित खात्याला कळवू म्हणते.

राधानगरीहून एक तरुण विचारतो, स्वयंचलित दरवाजे उघडले की लोक घाबरतात, ते बरोबर आहे का? या प्रश्नावर अभियंता खुलतात. राजर्षी शाहू महाराजांनी भोगावतीवर सुरू केलेलं हे धरण, त्याचे सात दरवाजे पाण्याच्या दाबानं आपोआप उघडतात, पातळी उतरली की आपोआप बंद होतात. कुणी बटण दाबत नाही, कुणाच्या आदेशाची वाट बघत नाही. एका दरवाजातून 1428 क्युसेक. काचेपलीकडून खूण येते, अर्धा मिनिट राहिला. अभियंत्यांना अजून पाच मिनिटं हवी असतात. मिळत नाहीत, बातम्या कुणासाठी थांबत नाहीत.

(दृश्य : दुपार. चालती एसटी, गगनबावड्याचा रस्ता.)

दुपारची सभा आपण भरभर पुढं नेऊ. आरोग्यावर एक मुलाखत, पुराच्या पाण्यातून चालल्यावर होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिसची. चांगली होती. त्यानंतर शासकीय योजनेवर एका अधिकाऱ्यांचं भाषण. 'उपाययोजना करण्यात येत आहेत', 'लाभार्थ्यांना आवाहन करण्यात येत आहे.' कर्ता कोण ते शेवटपर्यंत कळलं नाही. गुजरीतल्या कारागिरानं या वेळी आवाज कमी केला, हे आम्ही स्वतः बघितलं. 'का' विचारायची मुभा एकट्याला असेल तर त्यानं अशी दहा मिनिटं वाया घालवलेली जास्त टोचतात. दुसऱ्या स्टेशनवर जाऊन उत्तर शोधायची सोय श्रोत्याला नाहीच.

गगनबावड्याच्या रस्त्याला डोंगर आडवे आले आणि 102.7 खरखरायला लागलं. एफएमची लहर सरळ जाते, डोंगर वळसा घालून ओलांडत नाही. पुढच्या गावांत ऐकायचं तर मोबाईलवर, ॲपमधून. तेही रेंज असेल तर.

2019 च्या ऑगस्टमध्ये शिरोलीजवळ महामार्ग पाण्याखाली गेला होता. कित्येक भागांत वीज नव्हती, मोबाईल बंद पडले. तेव्हा माळ्यावरचे ट्रान्झिस्टर खाली आले. पिठाच्या डब्याशेजारी सेल वाळवत ठेवल्याचं लोक अजून सांगतात.

(दृश्य : संध्याकाळ. पाण्यात उभा ऊस, फक्त शेंडे वर.)

संध्याकाळी शेतकऱ्यांसाठीचा कार्यक्रम. विषय तोच, पण आता शेताच्या बाजूनं. बुडालेला ऊस वाचतो का? कृषी विद्यापीठातले तज्ज्ञ सांगतात, शेंडा पाण्याबाहेर असेल तर बराचसा वाचतो. पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या कोवळ्या पानांच्या सुरळीत, गाळाचं पाणी शिरलं तर पोंगा कुजतो, मग खालचे डोळे फुटून पांगशा, म्हणजे बाजूचे फुटवे, येतात, वजन आणि साखरेचा उतारा दोन्ही घटतं. पाणी ओसरल्यावर घाईनं युरिया टाकू नका, आधी साचलेलं पाणी चर काढून बाहेर घालवा.

शिरोळचे ते शेतकरी आता घरी पोचलेत आणि हे ऐकतायत. आम्ही फोन केला तर म्हणाले, "सकाळी आमी बोललो ते ऱ्हाऊ द्या. ह्ये पोंग्याचं नीट ऐकून घेतो आधी."

(दृश्य : ड्यूटी रूम. फळ्यावर पुढच्या आठवड्याचे विषय.)

रात्री ड्यूटी रूममध्ये पुढच्या आठवड्याची जुळवाजुळव चालली आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचवर एक मुलाखत ठरली. सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी वर्षानुवर्षं लढा दिला, 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापुरात कामकाज सुरू झालं. आता पक्षकाराचा मुंबईचा हेलपाटा खरंच वाचला का, हे विचारायचं आहे. दुसरा विषय हद्दवाढ, म्हणजे शेजारची गावं शहरात घ्यायची की नाही. 1972 साली इथं महानगरपालिका झाली, तेव्हापासूनचं हे दुखणं. शहराच्या बाजूनं बोलायला तीन माणसं तयार आहेत. गावांच्या बाजूनं सरपंच हवा, आणि त्यांचं म्हणणं, "एकटा येणार न्हाई. सगळ्या गावांचं येक येक माणूस घ्या, न्हाईतर ऱ्हाऊ द्या."

स्टुडिओत माईक चार. कार्यक्रम अधिकारी परत फोन लावतायत.